१३५ रुपये कशाला कापले?

आज पगारवाटप. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधला नवीन पोरगा पगाराची स्लिप घेऊन टेबलाशी आला. "काका, हे ईएसआयचे १३५ कशाला? मी आजारीच पडत नाही!"

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. पगार १८ हजार, त्याचा पाऊण टक्का. मालक वरून सव्वातीन टक्के भरतो, म्हणजे ५८५ रुपये, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी काही सरकारचा वकील नाही. दवाखान्यातली रांग आणि "गोळ्या संपल्यात, सोमवारी या" हे मीही सोसलंय. पण मर्जीवर सोडलं तर विशीतलं कोण भरेल? उरतील फक्त आजारी, त्यांनी किती भरायचं मग? गेल्या वर्षी आमच्या टर्नरची बायपास झाली, ती अशाच न आजारी पडणाऱ्या पोरांच्या १३५-१३५ वर.

मला खटकतं ते निराळंच. २०१७ साली लागू झालेल्या २१ हजारांच्या मर्यादेवर पगार गेला की माणूस योजनेबाहेर. बाविसाव्या हजारात माणूस श्रीमंत होतो म्हणे! (मी झालोय. त्यामुळे आईचं औषधपाणी खिशातून.)

संध्याकाळी पोरगा परत आला. "काका, आईचं नाव घालता येतं का हो?"

आधारचा फोटो मागवलाय गावाहून.