इंडक्शनवर लोणकढं तूप

पुण्यात भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस यायचा होता, तोवर सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. चहा, कुकर, भाजी, कशावाचून अडलं नाही. अडलं ते तुपापाशी.

साय साठली होती. विरजण लावलं, मिक्सरच्या भांड्यात बर्फाचं पाणी घालून फिरवलं आणि लोण्याचा गोळा वर आला. रवीने घुसळलेल्या लोण्याची चव निराळी, असं सासूबाई म्हणतात. मला ती कधी कळली नाही. हात भरून येतात एवढं कळतं. ताक गाळलं, लोणी स्वच्छ पाण्याने धुतलं. इथवर यंत्राबद्दल तक्रार नाही.

तुपाची आमची कढई ॲल्युमिनियमची. इंडक्शन स्वतः तापत नाही, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याचं बूड तापतं, आणि त्यासाठी चुंबक चिकटेल असा धातू लागतो. कढई ठेवली की नुसतं टूं-टूं. मग फ्रिजवरचा चुंबक काढून मांडणीतल्या सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावून पाहिला. जाड बुडाचं एक स्टीलचं पातेलं पास झालं.

तुपाला मंद आच हवी, आणि एकसारखी. आमच्या शेगडीला मंद येतच नाही. आकडा कमी केला की ती थोडा वेळ जोरात चालते, थोडा वेळ गप्प बसते. लोणी फसफसून काठापर्यंत येई, खाली बसे, पुन्हा उसळे. कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, मग ओटीपी, मग ॲपवर बिलाचा फोटो. अखेर माणूस आला, पाणी उकळून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, पीस ओके आहे. कमीवर असंच चालतं." तो खरंच बोलत होता, पण हे खोक्यावर छापलं असतं तर ॲपची वारी वाचली असती.

त्याहून वाईट म्हणजे शेगडीच्या आतला पंखा. तूप कानाने कढवायचं असतं. लोण्यात पाणी आहे तोवर तडतड चालते आणि तापमान शंभर अंशांच्या आसपास राहतं. पाणी संपलं की तडतड थांबते, तापमान झपाट्याने चढतं, आणि तेव्हा आच बंद केली नाही तर बेरी करपते. नेमका तो आवाज शेगडीच्या घरघरीत बुडून जातो. तापमानाची कळ आहे म्हणा, पण तिचा सेन्सर काचेखाली; पातेल्यात काय चाललंय ते त्याला काय कळणार?

शेवटी असं जमवलं. सुरुवातीला मधला आकडा, पातेलं निम्म्याहून कमी भरलेलं. फेस बसून खालचं दिसायला लागलं की पातेलं उचलून ओट्यावरच्या जाळीवर ठेवायचं. जाड बुडातली उष्णता बराच वेळ पुरते. शेगडी टूं-टूं करते, करू दे, भिंतीवरचं बटणच बंद करायचं. तुपाच्या बोटांना तिचा टच पॅनल तसाही दाद देत नाही. मग कान देऊन ऐकायचं. तडतड बाकी असली तर पातेलं पुन्हा शेगडीवर. बदामी बेरी दिसली की विड्याचं पान टाकायचं आणि कोमट झाल्यावर गाळायचं.

तूप रवाळ झालं. बेरीत साखर घालायची की ती कणकेत मळायची, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत.