लाकडी वाडग्यांचा धंदा: आधी वजनकाटा, मग लेथ

थंड देशांत घरामागच्या शेडमध्ये लेथ टाकून लाकडी वाडगे विकणारे बरेच जण आहेत. लांबून पाहताना हा सगळा हाताच्या कसबाचा धंदा वाटतो, आणि कसब लागतंच. पण तक्रार येते ती बहुधा 'तडा गेला' किंवा 'वाकडा झाला' अशी, आणि दोन्हींचं मूळ लाकडातल्या पाण्यात असतं. म्हणून लेथचे कॅटलॉग चाळण्याआधी ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा घ्यावा.

लाकूड मिळवणं सोपं. वादळात पडलेली झाडं तोडणाऱ्या ठेकेदारांना ओंडके हलवण्याचीच कटकट असते. सागवान, शिसव विसरून जा. इकडची लाकडं म्हणजे मेपल, चेरी, बीच, अक्रोड, अ‍ॅश. खाण्याच्या भांड्याला बारीक छिद्रांचं लाकूड बरं: मेपल, चेरी, बीच. ओक आणि अ‍ॅशची छिद्रं मोठी, त्यांत अन्न अडकतं. ओंडक्याचे तुकडे वाडग्याच्या व्यासापेक्षा पाचेक सेंटिमीटर लांब कापायचे, कारण टोकं तडकतात आणि ती टाकून द्यावी लागतात. कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी मेणाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं मेण, फासायचं. उद्यावर ढकललं तर उन्हाळ्यात एका रात्रीत भेगा दिसतात. ओंडका मधोमध उभा चिरून मध्यातला गर दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्टीसह काढून टाकायचा. तो वाडग्यात राहिला की तडा तिथूनच सुरू होतो.

ओलं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं, पण वाळताना आवळतं, आणि सगळीकडे सारखं आवळत नाही. लाकडाच्या तंतूंच्या लांबीत जवळजवळ शून्य, आडव्या दिशेने बरंच. पूर्ण ओलं ते पूर्ण कोरडं या प्रवासात चेरी वलयांच्या दिशेने ७.१ टक्के आणि वलयांना काटकोनात ३.७ टक्के आवळते. शुगर मेपलचे आकडे ९.९ आणि ४.८. म्हणजे गोल कातलेला वाडगा अंडाकृती होणारच. म्हणून काम दोनदा करायचं: ओला असताना जाड कातायचा, वाळवायचा, मग पुन्हा गोल करायचा.

जाडी किती? व्यासाचा दहावा हिस्सा. याचं कारण हिशेबातच दिसतं. २५० मिलिमीटरचा वाडगा वापरण्याइतका वाळेपर्यंत आडवा ५ टक्के आवळला, तर २५० बाय २३८चा होतो. भिंत २५ मिलिमीटर ठेवली असेल तर आतला मोठा व्यास २०० राहतो. बाहेरून २३८चा गोल काढला, आतून २००चा, की १९ मिलिमीटरची भिंत हातात उरते. त्यातून हवी तेवढी बारीक करा. हीच भिंत ओली असताना १२ ठेवली तर आतला व्यास २२६, आणि उरली भिंत अवघी ६. मध्य जरासा सरकला तरी एका बाजूला भोक. उलट भिंत फार जाड ठेवली, तर बाहेरचा थर आधी आवळतो, आतला आवळत नाही, आणि लाकूड फाटतं.

वाळवणं म्हणजे घाई न करणं, एवढंच. कातलेल्या वाडग्याच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः उघड्या टोकांवर मेण लावायचं, कागदी पिशवीत घालायचं आणि वारा नसलेल्या जागी ठेवायचं. प्लास्टिकची पिशवी नको, बुरशी येते. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन. आठवड्याला एकदा काट्यावर. सलग चार आठवडे आकडा हलला नाही की वाळला. सहा महिने ते वर्ष धरून चाला.

पण आकडा थांबला म्हणजे लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं, इतकंच. इथेच नवखे फसतात. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या शेडमध्ये लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी टिकून राहतं. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात आर्द्रता २५ टक्क्यांपर्यंत उतरते, तिथे लाकूड साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतं. शेडमध्ये 'वाळलेला' वाडगा डिसेंबरात विकला की जानेवारीत तो गिऱ्हाइकाच्या टेबलावर पुन्हा वाळायला लागतो. उपाय साधा आहे: दुसऱ्या कातकामाआधी तीन-चार आठवडे गरम घरात ठेवायचा. काटा तेव्हाही खाली सरकताना दिसतो!

दुसऱ्या फेरीत चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायची बुडाची खुंटीही अंडाकृती झालेली असते. ती आधी गोल करावी लागते, म्हणून ओली असताना ६५ मिलिमीटरच्या आसपास मोठी ठेवायची. खुंटीचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. पकड खांद्यावर बसली पाहिजे, नाहीतर वाडगा डगडगतो आणि कधीतरी निसटून अंगावर येतो. वेगासाठी जुना ठोकताळा: व्यास इंचात गुणिले फेरे, उत्तर ६००० ते ९००० मध्ये. दहा इंचाला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड ठोकळा मात्र ३००-४००वर सुरू करायचा, चेहऱ्यावर शील्ड आणि आपण फिरत्या कडेच्या रेषेबाहेर.

पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ३२० असा. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे तेल लावल्यावरच दिसतात. मास्क हवाच, लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

तेलाच्या बाबतीत गैरसमज फार. स्वयंपाकाचं ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेल सुकत नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. खनिज तेल खवट होत नाही, पण सुकतही नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. टंग झाडाच्या बियांचं शुद्ध तेल खरंच घट्ट होतं: पातळ चार-पाच हात, दरवेळी अर्ध्या तासाने पुसून घ्यायचं, आणि शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे थांबायचं. अक्रोडाचं तेलही सुकतं, पण सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी तसं लिहायला हवं. सुकणाऱ्या तेलाचे बोळे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. चुरगळलेलं फडकं आपोआप तापून पेट घेतं. उघडं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. युरोपियन युनियनमध्ये विकायचं तर २००४चा १९३५ क्रमांकाचा नियम लागू होतो: भांड्यातून अन्नात घातक काही उतरू नये, चवही बदलू नये. कोणतं तेल, कोणत्या डब्यातलं, याची वही ठेवा.

किंमत ठरवताना बहुतेक जण फक्त लेथवरचा वेळ धरतात. दहा इंची वाडग्याला ठोकळा कापायला २० मिनिटं, दोन कातकामं मिळून ८५, घासायला ३०, तेलाला २०, फोटो आणि वर्णनाला २०, पॅकिंगला १५. तीन तासांच्या वर, त्यात कातकाम निम्म्याहून कमी. वर वाळताना फुटलेल्यांचा खर्च. गॅलरी ४०-५० टक्के कापून घेते. तो कट परवडेल अशी किंमत ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा. बाजारात स्वस्त आणि गॅलरीत महाग असा वाडगा दिसला की गॅलरीचं दार बंद होतं.

पाठवताना बबल रॅप सरळ वाडग्याला लावू नका, ताज्या तेलावर बुडबुड्यांचे ठसे उठतात. आधी कागद, मग बबल रॅप, खोक्यात खोकं, चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर गादी. लाकडी पेटी तर नकोच. सहा मिलिमीटरहून जाड कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागतो, म्हणजे गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का. कस्टमच्या कागदावर लाकडी भांड्यांचा गट ४४१९. भारतातून शिसवीचे वाडगे मागवून विकायचा विचार असेल, तर शिसवीच्या जवळजवळ सगळ्या जाती २०१७पासून सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वस्तूंना एका खेपेत शिसवीचं वजन १० किलोपर्यंत असेल तर सूट मिळते.

पार्सल निघण्याआधी वाडगा शेवटचा काट्यावर ठेवून वजन वहीत लिहा. तडा गेला म्हणून परत आला तर पहिलं काम तेच वजन पुन्हा घेणं. ६०० ग्रॅमचा वाडगा १० टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला तर सुमारे २२ ग्रॅम हलका होतो: वाळवण्यात कसर राहिली, पैसे परत करा. पृष्ठभाग पांढुरका, खरखरीत आणि तंतू उभे राहिलेले दिसले, तर तो डिशवॉशरमध्ये गेला होता.