पंचवीस पौंडी तोफेची प्रतिकृती, 1:35 : नोंद तिसरी

मागील नोंदीत नळी आणि ढाल पूर्ण झाल्याचे लिहिले होते. हा सगळा महिना तोफेखालच्या गोल बैठकीने घेतला, पण दुसऱ्या महायुद्धातील या ब्रिटिश मैदानी तोफेचे वेगळेपण तिथेच असल्यामुळे घाई केली नाही.

प्रवासात ही लोखंडी बैठक तोफेच्या पेटीवजा शेपटीखाली टांगलेली असे. मोर्चावर आल्यावर ती जमिनीवर टाकून तोफ तिच्यावर ओढून घेत, मग दोन्ही चाके तिच्या कडेवर टेकत आणि एकटा गडी शेपूट उचलून तोफ कोणत्याही दिशेला वळवू शके. 1941 च्या लिबियातील लढायांत जर्मन रणगाड्यांपुढे ब्रिटिशांची 40 मिमीची दोन पौंडी रणगाडाविरोधी तोफ अपुरी पडू लागली आणि पंचवीस पौंडी तोफांच्या मैदानी तोफखान्यालाच 20 पौंडांचे भरीव गोळे घेऊन रणगाड्यांना समोरासमोर तोंड द्यावे लागले. रणगाडा बाजूने वळला की तोफही त्याच क्षणी वळणे भाग होते, आणि तोफखान्यावरील कित्येकांचे प्राण या साध्या चकतीवर अवलंबून राहिले असतील असे मला मनापासून वाटते. नव्या सहा पौंडी रणगाडाविरोधी तोफा आल्यावर हा भार हलका झाला.

माझ्या किटमधील बैठकीचे आडवे दांडे फारच जाड होते, म्हणून ते कापून पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांचे नवे बसविले. त्यानंतर तोफ ठेवून पाहिली, तर डावे चाक अर्धा मिलिमीटर अधांतरी. खऱ्या तोफेत हे अंतर साडेसतरा मिलिमीटर होईल, आणि इतक्या फटीने तोफेचे सगळे वजन खोटे वाटू लागते. दोष बैठकीत नसून आसात होता. तो कोमट पाण्यात धरून काचेवर दाबून सरळ केला आणि रात्रभर तसाच ठेवला. आता चाकांखाली कागदाचा तुकडाही सरकत नाही.

ही तोफ मला 23 ऑक्टोबर 1942 च्या रात्रीची, इजिप्तमधील एल अलामीनच्या भडिमाराची करायची आहे. नळीच्या तोंडाचा, गोळी झाडतानाचा धक्का कमी करणारा ब्रेक नंतरच्या काळात बसविला जाऊ लागला, म्हणून तो वगळला आहे. (दिल्लीत प्रजासत्ताक दिनाची सलामीही पंचवीस पौंडी तोफाच देत, 2023 मध्ये त्यांची जागा 105 मिमीच्या भारतीय तोफांनी घेतली.)

आता दारूगोळा राहिला आहे. या तोफेत आधी गोळा ठासून मग पितळी काडतूस भरत, आणि पल्ल्याप्रमाणे काडतुसातील लाल, पांढऱ्या व निळ्या पिशव्या कमीजास्त करत. 292 मिमीचे काडतूस या प्रमाणात 8.3 मिमी भरते. पितळी नळीचे बारा तुकडे कापून झाले असून एका उघड्या काडतुसाच्या तोंडाशी निळी पिशवी दिसेल अशी ठेवणार आहे.