डिझेलच्या टाकीत पाणी कुणी घातलं?

जून उजाडला की पाचगणी-महाबळेश्वरकडून येणारे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "बर्नर पेटत नाही." हॉट वॉटर जनरेटर, म्हणजे डिझेल जाळून पाणी तापवणारी मशीनं, आणि त्यांचे बर्नर दुरुस्त करणं हा माझा धंदा, मुक्काम वाई. खालचे लोक विचारतात, वर सगळीकडे सोलर बसलंय, मग डिझेल कशाला जाळतात? उन्हाळ्यात जाळतही नाहीत. पण पसरणी घाट चढून वर गेलं की जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढग जमिनीवर उतरलेले असतात. पॅनेलला ऊन दिसत नाही, आणि वसतिगृहातल्या पोरांना सकाळी सहाला कढत पाणी लागतंच. तेवढे महिने डिझेल. बाकी वर्षभर टाकी उघड्यावर अर्धवट भरलेली पडून असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी त्या पडून राहण्याच्या काळातच तयार होतात.

ज्या निवासी शाळेची ही गोष्ट, तिथलं मशीन तासाला एक लाख किलोकॅलरी उष्णता देणारं, बारा-तेरा लिटर डिझेल खाणारं. टाकी ९९० लिटरची. हा आकडा ऐकून लोकांना गंमत वाटते. पण पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेल 'ब' वर्गात येतं, आणि एकूण साठा २५०० लिटरच्या आत असेल, त्यात कुठलंही एक भांडं १००० लिटरच्या वर नसेल, तर परवाना लागत नाही. म्हणून टाकी बनवणारे हजाराला दहा कमी धरतात. चौकोनी टाकी, वरचा पत्रा सपाट, त्यावर मॅनहोलचं झाकण, शेजारी डीप रॉडचं, म्हणजे पातळी मोजायच्या सळीचं झाकण, कोपऱ्यात हवा आत-बाहेर व्हायला एक इंची व्हेंट पाइप. बॉयलर रूमच्या मागे, डोक्यावर काहीही नाही.

मला बोलावलं तेव्हा बर्नर पेटायचा, फडफडायचा आणि ट्रिप व्हायचा. डिझेलबरोबर नोझलमधून पाणी आलं की ज्योत तुटते, ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या फोटोसेलला उजेड दिसत नाही आणि कंट्रोलर काही सेकंदांत बंद करतो. त्यासाठीच तो बसवलेला असतो. पण आपल्याकडे लाल बटण दिसलं की माणूस ते दाबतच राहतो. तिथल्या रात्रपाळीच्या माणसाने ते इतक्यांदा दाबलं होतं की भट्टीत न जळलेलं डिझेल साचलेलं होतं. त्यात एकदा ठिणगी नीट पडली असती तर भट्टीचं दार उडून समोरच्या भिंतीवर गेलं असतं. एकदा रिसेट करा, फार तर दोनदा, मग हात बांधून उभे राहा आणि मिस्त्रीला फोन करा. हे मी प्रत्येक बॉयलर रूमच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्या अक्षरांवर कॅलेंडर टांगलेलं सापडतं.

फिल्टरचा बाउल उघडला तर तळाला गढूळ पाणी. टाकीच्या तळाच्या ड्रेन कॉकखाली कॅन लावला आणि कॉक उघडला. थोडं गुडगुडलं आणि थांबलं. आत तीनशे लिटर डिझेल, म्हणजे साधारण फूटभर उंची, तरी धार लागेना. डीप रॉडचं झाकण सैल केलं तेव्हा कुठे धार पडली. हे मला खटकलं आणि डोक्यात राहिलं. काचेच्या बाटलीत नमुना धरला. खाली पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या मध्ये काळी, तार सुटणारी साय. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवरच बुरशी-जीवाणू वाढतात. पाणी नसेल तर ते जगत नाहीत. ती साय चिमटीत धरून बघितली तर बुळबुळीत, आणि वास कुजका, डिझेलचा नव्हे. म्हणजे पाणी काल-परवाचं नव्हतं.

टाकी साफ केली, पंपाच्या गिअरवरचा गंज काढला, नोझल बदललं, मशीन चालू झालं. आठवडा गेला नाही तोच पुन्हा फोन. पुन्हा पाणी.

तोवर व्यवस्थापकांचा निकाल लागून गेला होता. डिझेल पुरवणारे आण्णा. वाईकडून पिकअपमध्ये २०० लिटरची बॅरल घालून वर आणणारा साठी उलटलेला माणूस. त्यांचं मागचं सगळं बिल अडवलं होतं आणि फाइलला 'पाणीमिश्रित डिझेलची तक्रार' असा कागद लागला होता. मला ऑफिसात बसवून व्यवस्थापक म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फक्त एवढं लेखी द्या की डिझेलमध्ये पाणी होतं." मी म्हटलं, "डिझेलमध्ये नव्हतं साहेब, टाकीत होतं." त्यांना त्यात काही फरक दिसला नाही. मी लेखी दिलं नाही.

आण्णांना मी ओळखतो ते त्यांच्या बॅरलांमुळे. त्यांच्या शेडसमोर बॅरल कधी उभं दिसणार नाही. सगळी आडवी, खाली लाकडी वासे, आणि दोन्ही बुचं एका पातळीत, एक डावीकडे एक उजवीकडे. कारण उभ्या बॅरलच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री गार होऊन आकसते, आणि बुचाच्या आट्यांमधून ते साचलेलं पाणी आत खेचलं जातं. आडव्या बॅरलच्या बुचांवर पाणी थांबत नाही आणि आतून ती डिझेलमध्ये बुडालेली राहतात. हे पुस्तकात आहे, पण पाळताना मी फार थोडे पाहिलेत. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मिस्त्री, पाणी वरनं पडत न्हाई. आतनं ओढलं जातं. तुमी त्या टाकीचं तोंड बघा." आणि मग जरा थांबून, "चाळीस वर्सं धंदा केला ओ."

दुसरीकडे माझ्याच धंद्यातल्या एकाने शाळेला सांगून ठेवलं होतं की टाकीला घाम येतो, घाट आहे, चालायचंच. हे मला आण्णांवरच्या आरोपापेक्षाही जास्त चीड आणतं, कारण ते ऐकायला शास्त्रीय वाटतं. आकडा मांडून बघा. २० अंशाला पूर्ण ओलावलेल्या एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाणी असतं. टाकीतली रिकामी जागा पाऊण घनमीटरसुद्धा नाही. त्या हवेतलं सगळंच्या सगळं पाणी गळून पडलं तरी दोन-तीन चमचे. आणि रात्रीतून सगळी हवा बदलत नाही, दहा अंशांचा फरक पडला तर तिसावा हिस्सा आत-बाहेर होतो. घामाने पाणी येतं, हे खरं. पण वर्षभरात तळ ओला करण्याइतकं. आठवड्यात कॅनभर येत नाही. डिझेलमध्ये विरघळून येणारं पाणीही तसंच नगण्य. डिझेलच्या बीएस-६ मानकात किलोमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे पूर्ण बॅरलमागे तेहतीस-चौतीस ग्रॅम.

पुढच्या खेपेला आण्णा स्वतःच म्हणाले, मिस्त्रींसमोर ओततो. पेट्रोल पंपावर वापरतात ती पाणी शोधायची पेस्ट मी डीप रॉडच्या टोकाला लावली. डिझेलने तिला काही होत नाही, पाण्यात मात्र रंग बदलतो आणि रंगाची रेघ जिथवर चढते तेवढं पाणी. ओतण्याआधी रेघ तळाशी जेमतेम. प्रत्येक बॅरलमधून बाटलीत नमुना काढला, आकाशाकडे धरला. स्वच्छ, चमकदार, मागचं छापील अक्षर वाचता यावं असं. ओतल्यानंतर तासाभराने पुन्हा रॉड टाकला. रेघ होती तिथेच. रात्रभर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ बोटभर वर.

व्यवस्थापक म्हणाले, "मिसळलेलं होतं, रात्रीतून खाली बसलं." मुद्दा चुकीचा नव्हता. पण एवढं पाणी मिसळलेलं असतं तर बाटलीतलं डिझेल दुधाळ दिसलं असतं. ते मी त्यांना बाटलीसकट दाखवलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, आणि बिल अडवलेलंच ठेवलं.

मग मी सांगितलं, उद्या सकाळी मी येईपर्यंत टाकीच्या कुठल्याही झाकणाला हात लावायचा नाही. बर्नर नेहमीसारखा पाचला सुरू करा.

साडेसहाला पोचलो. धुकं इतकं की टाकी हाताच्या अंतरावर आल्यावर दिसली. बर्नर दीड तास चालू होता. टाकीचा वरचा पत्रा सपाट नव्हता. मधोमध परातीसारखा आत बसला होता आणि त्यात पाण्याचं तळं साचलं होतं. मॅनहोलचं झाकण त्या तळ्याच्या बरोबर मध्यभागी, पूर्ण बुडालेलं. झाकणाच्या कडेला बॅटरी मारली आणि वाकून बघत राहिलो. झाकणाखालच्या रबरी गॅस्केटच्या एका जागी पाण्यावरचा कचरा हळूहळू सरकत येत होता, गवताची एक काडी तिथे येऊन चिकटली आणि उभी राहिली. पाणी तिथून आत जात होतं.

व्यवस्थापकांना झोपेतून उठवून आणलं. त्यांच्यासमोर डीप रॉडचं झाकण पान्याने सैल केलं. हवा आत घुसल्याचा आवाज आला आणि दुसऱ्या क्षणी पत्रा दणकन वर उसळला. पाणी चारी बाजूंनी खाली सांडलं. टाकी पुन्हा सपाट आणि पत्र्यावर थेंबसुद्धा नाही. आजवर जो कुणी तपासायला आला, त्याने पहिलं काम म्हणून झाकणच उघडलं होतं. म्हणजे तपासायला हात लावला की पुरावा पुसला जात होता.

व्हेंट पाइप बंद होता. वरची जाळी कधीच गळून गेली होती आणि खाली वळवलेल्या तोंडातून कुंभारीण माशीने आत मातीचं घर बांधलं होतं. टाकी पडून असताना, उन्हाळ्यात, निवांत. तार घालून खरवडलं तर वाळलेल्या मातीचे तुकडे आणि त्यांच्यासोबत वाळके कोळी पडले, तिने पिल्लांसाठी साठवलेले. आता हिशोब सरळ होता. बर्नर तासाला बारा-तेरा लिटर डिझेल ओढतो, तेवढी जागा भरायला हवा यायला हवी. व्हेंटमधून येत नाही, मग आत पोकळी तयार होते. एक मीटर लांबी-रुंदीच्या पत्र्यावर बाहेरच्या हवेच्या दाबाचा नुसता तिसावा हिस्सा जादा पडला तरी तीनशे किलोंचं वजन होतं. पत्रा बसतो, खड्डा होतो, खड्ड्यात पाऊस साचतो, आणि हवेच्या जागी पाणी आत शिरतं. ड्रेन कॉकची धार त्या दिवशी का लागली नव्हती, तेही याच्यातच आलं.

आणि गॅस्केट? आधीच्या मिस्त्रीने टायरच्या ट्यूबचं रबर कापून घातलं होतं. साधं रबर डिझेलमध्ये फुगतं, मऊ होतं, बोल्ट आवळला की बाजूला पसरतं. डिझेलला नायट्रिल रबर लागतं. दोन्हींच्या किमतीतला फरक सांगायचीसुद्धा लाज वाटावी एवढा आहे.

पुढचं काम मी मनापासून केलं. मॅनहोलला चार इंच उंच कॉलर वेल्ड करून घेतली, म्हणजे पत्र्यावर पाणी साचलं तरी झाकणापर्यंत चढू नये. वेल्डिंगआधी टाकी रिकामी करून, पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा रिकामी केली आणि धुऊन वाळवली, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते. व्हेंट दोन इंची केला, तोंड खाली वळवून पितळी जाळी बसवली. वरच्या पत्र्याखाली अँगल टाकला. टाकी ड्रेन कॉकच्या बाजूला किंचित उतरती केली, बर्नरकडे जाणाऱ्या पाइपचं तोंड तळापासून तीन इंच वर घेतलं, आणि चार पाइप रोवून वर पत्र्याची शेड. शाळेला ताडपत्री गुंडाळून भागवायचं होतं. ताडपत्रीने व्हेंटच पुन्हा बांधला गेला असता, म्हणून मी ऐकलं नाही.

जुलैअखेर शेवटचा रॉड टाकला. पेस्टचा रंग होता तसाच. ऑगस्टमध्ये आण्णांचं बिल निघालं, पूर्ण. त्यांनी ते घेतलं आणि त्या शाळेला डिझेल देणं बंद केलं. घाटातल्या बाकी दोन-तीन ठिकाणांनीही तोवर दुसरा माणूस बघितला होता, कारण असल्या बातम्या घाट उतरायला वेळ लागत नाही.

मी व्यवस्थापकांना म्हटलं, फाइलला तक्रारीचा कागद लागलाय, त्याच्यावर एक ओळ लिहा की पाणी पुरवठादाराकडून आलेलं नव्हतं, खाली सही करा आणि प्रत आण्णांना द्या. मी कारण सविस्तर लिहून, फोटो जोडून दिलंय. "बघू," म्हणाले. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा पुन्हा विचारलं. तक्रारीचा कागद फाइलमध्ये आहे. माझा कागद त्यात नाही. या वर्षीच्या सर्व्हिसिंगचं कोटेशन मी त्यांना अजून पाठवलेलं नाही. आधी ती ओळ लिहून हवी, असं कळवलंय.