पुण्याची गाडी, ओरोसचा आयोग

गाडी दारात आली ती जानेवारी २०२४ मध्ये, एका तिन्हीसांजेला. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओट्यावर उभी होती, बायकोने नारळ काढून ठेवला होता. पुण्याहून गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने किल्ली देण्याआधी एक कागद पुढे केला. डिलिव्हरी नोट. त्यावर छापलेलंच होतं, "वाहन उत्तम स्थितीत, कोणत्याही तक्रारीविना ताब्यात मिळाले." खाली सहीसाठी रेघ.

मी पेन उघडलं होतं. आमच्या शेजाऱ्याचं हायवेला गॅरेज आहे. तो गाडीभोवती एक चक्कर मारून पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मास्तरांनू, सही करू नकात. आधी ह्यां बघा."

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे होते, ०५२३. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०२३ च्या पाचव्या आठवड्यात बनलेला. टायर जुना म्हणून गाडी जुनी ठरत नाही, पण चारही टायर आणि स्टेपनी त्याच सुमाराची निघाली. मग मी गाडीसोबत आलेली फाईल उघडली. त्यात फॉर्म २१ असतो, म्हणजे विक्रेत्याने दिलेलं विक्री प्रमाणपत्र. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबराबरोबर त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. तिथे होतं ०३/२०२३. माझ्या फोनमध्ये पुण्याच्या सेल्समनचा व्हॉट्सअॅप मेसेज होता, "सर, नोव्हेंबर २०२३ मॅन्युफॅक्चरिंग, एकदम फ्रेश स्टॉक."

मी कुडाळला राहतो, शाळेत शिकवतो. बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं. बसने नेणं अशक्य झालं होतं आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नव्हती. आम्हाला ऑटोमॅटिक हवी होती, कारण बायकोही चालवणार होती. जवळच्या शोरूमला त्या मॉडेलसाठी पाच महिने थांबायला सांगितलं. पुण्याच्या डीलरकडे गाडी तयार होती. फोनवर बोलणं झालं, बुकिंगचे २१,००० रुपये पाठवले, बँकेचं कर्ज मंजूर झालं, उरलेले पैसे आरटीजीएसने गेले. शोरूमची पायरी मी चढलोच नाही. एक्स-शोरूम ८,२४,००० रुपये, त्यावर 'हँडलिंग चार्जेस' ८,५०० आणि गाडी ट्रेलरवर घालून घरपोच आणण्याचे १४,०००. पासिंग एमएच ०७ चं, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गचं, हवं असल्याने पुण्यात टीपी, म्हणजे तात्पुरती नोंदणी, आणि रोड टॅक्स इथे ओरोसच्या आरटीओत. ती टीपी काढणं डीलरला भागच होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२ वा नियम सांगतो की तात्पुरत्या किंवा कायमच्या नोंदणीशिवाय डीलरने ग्राहकाला गाडी देऊच नये.

एक गोष्ट माझ्या हातून निसटली, ती सांगतो. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल असं डीलर म्हणत होता. तसं बंधन नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी हटून बसलो, चॅसिस नंबर मागून घेतला आणि बाहेरून ११,००० रुपयांनी स्वस्त पॉलिसी काढली. चॅसिस नंबर हातात होता, त्याच फोनवर उत्पादनाच्या महिन्याचा कागद मागता आला असता. तेव्हा शेवटची रक्कम भरायची होती, म्हणजे दोरी माझ्या हातात होती. मी विम्याचे पैसे वाचल्याच्या आनंदात राहिलो.

तर त्या संध्याकाळी गाडी दारात, पैसे पुण्यात आणि ड्रायव्हर सहीसाठी थांबलेला. मीटर पाहिलं, ४३१ किलोमीटर. गाडी ट्रेलरवर चढलीच नव्हती. पुण्याहून कोल्हापूर, पुढे फोंडा घाट उतरून ती चालवत आणली होती. ड्रायव्हर बिचारा पोरसवदा, त्याचा काही दोष नव्हता. त्याला चहा दिला आणि त्या छापील ओळीवर आडवी रेघ मारून खाली हाताने लिहिलं: "उत्पादन ०३/२०२३. ठरलेलं उत्पादन नोव्हेंबर २०२३. मीटर ४३१ कि.मी. ट्रेलरचे पैसे घेऊन गाडी रस्त्याने आणली. माझे सर्व हक्क राखून ताबा घेत आहे." तारीख, वेळ, सही. ड्रायव्हरची सही घेतली आणि दोन्ही प्रतींचे फोटो काढले. त्याने शोरूमला फोन लावून दिला, पलीकडून मॅनेजर म्हणाला, "असं लिहिता येत नाही सर." मी म्हटलं, "लिहिलंय."

पुढच्या सगळ्या लढाईत या चार ओळींइतकं दुसरं काहीच उपयोगी पडलं नाही. नारळ त्या दिवशी फोडला नाही, आई नाराज झाली. गाडी आठ दिवस अंगणात ताडपत्रीखाली उभी होती.

त्याच रात्री डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकच ईमेल पाठवला, सोबत सगळे फोटो. डीलरचं उत्तर आलं की गाडी नवीनच आहे, यार्डात उभी होती, २०२३ म्हणजे २०२३. कंपनीने लिहिलं, डीलरशी बोला. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये काय एवढा फरक, असं मला घरातल्याही काही जणांनी विचारलं. फरक असा की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना छापला जातो आणि उद्या गाडी विकताना समोरचा पहिल्यांदा तेच बघतो. शिवाय आठ-नऊ महिने उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी, टायर, रबर यांचं वय तेवढं वाढलेलं असतंच. डीलरला हे पक्कं ठाऊक होतं. डिसेंबरमध्ये त्याच डीलरने जाहिरात केली होती की वर्षाच्या सुरुवातीच्या स्टॉकवर ५५,००० रुपयांची सूट. तीच गाडी सूट न देता मला ताजी म्हणून विकली. ही जाहिरात पुण्यातल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने शोधून पाठवली.

फेब्रुवारीत १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार मराठीत घेतली, नंबर दिला. हेल्पलाइन कुणाला हुकूम देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पंधरा दिवसांनी डीलरचा फोन आला. दोन सर्व्हिसिंग मोफत आणि सीट कव्हर. मी नाही म्हणून सांगितलं, आणि तेही ईमेलवर लिहून.

दरम्यान टीपीची मुदत चालू होती. गाडी नोंदवली तर आपली तक्रार कमकुवत होईल अशी मला भीती होती. कुडाळच्या वकिलीणबाईंनी ती काढली. त्या म्हणाल्या, नोंदणी न करता गाडी ठेवलीत तर चूक तुमची होईल. हक्क अबाधित ठेवून नोंदणी करतोय असं डीलरला कळवा आणि पासिंग करून घ्या. तसंच केलं. ८,२४,००० वर ११ टक्के रोड टॅक्स भरला आणि एमएच ०७ ची पाटी लागली. आईने त्या दिवशी नारळ फोडला.

मार्चमध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, पंधरा दिवसांच्या मुदतीची. डीलरच्या वकिलाच्या उत्तरात एक वाक्य होतं, त्याने माझी झोप उडाली. ऑर्डर फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलं आहे की सर्व वाद केवळ पुण्यातल्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात येतील. म्हणजे प्रत्येक तारखेला पुणे. रजा टाका, रात्रीची बस धरा, आणि तिथे गेल्यावर तारीख पुढे ढकललेली.

वकिलीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, हे जुन्या कायद्यात लागलं असतं."

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारणपणे तिथे करावी लागायची जिथे विक्रेता असेल किंवा जिथे तक्रारीचं कारण घडलं असेल. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने यात एक मोठी गोष्ट घातली. कलम ३४ म्हणतं की तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा जिथे पोटासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. आणि ग्राहक कायद्याने दिलेला उपाय हा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, फॉर्मच्या मागच्या बारीक छपाईने तो काढून घेता येत नाही. माझ्यासारख्या लांबच्या गावातल्या माणसासाठी या कायद्यात याहून मोलाचं दुसरं काही नाही असं मला मनापासून वाटतं. डीलर शहरात बसून फोनवर आमच्यापर्यंत गाड्या विकणार असतील, तर जाब द्यायलाही त्यांनी आमच्यापर्यंत यायला हवं.

एप्रिलमध्ये ई-दाखिल या तेव्हाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून सिंधुदुर्ग जिल्हा आयोगात, म्हणजे ओरोसला, तक्रार दाखल केली. वकील सक्तीचा नाही, स्वतः मांडता येते. मी कागद लिहिले, बाईंनी तपासले. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. माझी रक्कम ५ ते १० लाखांच्या टप्प्यात, त्यामुळे शुल्क २०० रुपये. व्हॉट्सअॅपच्या प्रिंटसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र जोडलं, तो मेसेज ज्या फोनवर आला तो माझाच आहे वगैरे.

कंपनीला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावं की नाही यावर आम्ही बराच विचार केला. गोव्यातलं एक प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं होतं. २०११ ची म्हणून पैसे घेऊन ग्राहकाला २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी दिली होती. न्यायालयाने म्हटलं की डीलरचं हे कृत्य कंपनीला माहीत होतं असं दाखवल्याशिवाय त्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येणार नाही. म्हणून कंपनीकडून पैसे मिळतील अशी आशा आम्ही धरलीच नाही. तरीही तिला सामनेवाला क्रमांक २ केलं, ते एका कागदासाठी. ही गाडी कारखान्यातून डीलरकडे कधी गेली, ते फक्त तीच सांगू शकत होती.

आणि तिने सांगितलं. उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आयोग आणखी १५ देऊ शकतो, त्यापुढे नाही. डीलरचा वकील चाळिसाव्या दिवशी उगवला, ऑनलाइन. पहिला आक्षेप अधिकारक्षेत्राचा होता, तो आयोगाने कलम ३४ वाचून दाखवत बाजूला सारला. मला वाटलं होतं वाद तासभर चालेल, पाच मिनिटंही लागली नाहीत. कंपनीने मात्र स्वतःला वेगळं ठेवण्यासाठी सगळं नीट मांडलं होतं: आम्ही आणि डीलर यांच्यात खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे, अमुक चॅसिस नंबरची गाडी मार्च २०२३ च्या अखेरीस डीलरला विकली, हे बिल. "फ्रेश स्टॉक" लिहिणाऱ्याकडे ती गाडी नऊ महिन्यांहून जास्त उभी होती, आणि हे त्याच्याच कंपनीच्या बिलावर आलं.

त्यानंतर डीलरच्या वकिलाचा सूर बदलला. आयोगाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीबद्दल विचारलं, कायद्यात तशी सोय आहे. मी तयार झालो. गाडी बदलून मागायची की फरक घ्यायचा यावर घरी खूप बोलणं झालं. गाडी तोवर चांगली चालत होती, बाबांच्या चार-पाच फेऱ्या झाल्या होत्या. तिच्यात यांत्रिक दोष नव्हता, फसवणूक वयाची आणि पैशांची होती. म्हणून फरक मागितला. मध्यस्थांसमोर दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीला डीलरचा मॅनेजर स्वतः ओरोसला आला, फोंडा घाटातूनच. डिलिव्हरी नोटवरचं माझं हस्ताक्षर मध्यस्थांनी त्याच्यापुढे ठेवलं. तो बराच वेळ ते वाचत होता.

ठरलं ते असं: जुन्या स्टॉकवरची सूट ५५,०००, ट्रेलरचे १४,०००, हँडलिंगचे ८,५०० आणि झालेल्या त्रासापोटी १२,५००. एकूण ९०,००० रुपये, तीस दिवसांत. आयोगाने तडजोडीप्रमाणे आदेश केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पैसे खात्यात आले. कायदा म्हणतो अशी तक्रार तीन महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न व्हावा, मला दाखल केल्यापासून सात लागले.

आरसीवर उत्पादनाचा महिना ०३/२०२३ असाच आहे, तो बदलत नाही.

माझ्या मेव्हणीने नंतर कोल्हापूरहून गाडी बुक केली. तिने सेल्समनला सांगितलं की चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना आणि मीटरचा फोटो ईमेलवर आल्याशिवाय शेवटची रक्कम सुटणार नाही. तो दोन दिवस टाळाटाळ करत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गोष्टी आल्या.