टीआरएक्स-४ साठी स्टिअरिंग सर्वो निवडताना: माझा अनुभव

टीआरएक्स-४ म्हणजे ट्रॅक्सस कंपनीचा, दगडांवर हळू चढणारा रिमोटवरचा छोटा ट्रक, म्हणजेच क्रॉलर. सर्वो म्हणजे त्याची चाकं वळवणारी छोटी मोटर. गुळगुळीत फरशीवर कुठलाही सर्वो चाकं वळवतो. क्रॉलरच्या सर्वोची परीक्षा होते ती पुढची दोन्ही चाकं दगडांच्या खाचेत रुतलेली असताना, डिफ (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) लॉक असताना आणि ट्रक जागचा हलत नसताना. आपल्याकडच्या सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टवर मऊ रबराचे टायर घट्ट धरून ठेवतात. चढायला ती पकड हवीच, पण तिचा सगळा भार स्टिअरिंगवर येतो. त्यातून पुढच्या ॲक्सलला पितळी वजनं लावली असतील तर आणखीच. ट्रॅक्ससच्या सुरुवातीच्या टीआरएक्स-४ सोबत आलेल्या २०७५ मालिकेतल्या सर्वोची ताकद साधारण ९ किलो-सेंमी आहे. साध्या वाटेवर ती पुरते, खाचेत पुरत नाही. म्हणून बदलायचं ठरवलं.

सर्वोवर लिहिलेला ‘२५ किलो’ म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेंमी अंतरावर मिळणारा जोर, तोही सर्वो अडून थांबलेला असताना. हॉर्नचं (शाफ्टवर बसणाऱ्या दांडीचं) भोक २.५ सेंमीवर असेल तर लिंकवर (हॉर्नपासून चाकांकडे जाणाऱ्या काडीवर) जोर येतो १० किलोच, १.५ सेंमीवर साडेसोळाच्या वर. मग हॉर्न छोटाच का लावू नये? कारण जोर वाढतो तसा लिंकचा प्रवास घटतो आणि चाकं पूर्ण वळत नाहीत. मी उलट बाजूने गेलो. चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळतील असं भोक आधी ठरवलं आणि त्या लांबीला लिंकवर निदान १२ किलो जोर हवा असं धरलं. भोक २ सेंमीवर आलं, म्हणजे प्रत्यक्षात २४ किलो-सेंमी हवेत. लेबलावरचा आकडा बहुधा त्या सर्वोला चालणाऱ्या सर्वांत जास्त व्होल्टेजचा असतो, त्यामुळे खरेदीसाठी ३० च्या पुढचेच सर्वो पाहिले.

भारतात रोबोटिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानांत दोन सर्वो सहज मिळतात. एमजी९९६आरची ताकद ४.८ व्होल्टला ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंमी. मूळ सर्वोच्या जागी तो लावून हाती काही लागत नाही. डीएस३२२५ स्वस्त आहे आणि कामाचाही, पण त्याचे २५ किलो ६.८ व्होल्टला आहेत आणि तीच त्याची मर्यादा आहे. त्याला ७.४ व्होल्ट देऊ नका. तो १८० आणि २७० अंश अशा दोन प्रकारांत येतो. घ्यायचा तर १८० चा घ्या. २७० वाला रिमोटच्या स्टिकच्या तेवढ्याच हालचालीला दीडपट फिरतो, मग एंड पॉइंट (रिमोटवर ठरवलेली वळण्याची मर्यादा) खूप खाली आणावे लागतात आणि स्टिअरिंगचा बारकावा जातो.

मी शेवटी ७.४ व्होल्टला ३० च्या पुढे जाणारा, मेटल गिअरचा, मधली केस ॲल्युमिनियमची असलेला वॉटरप्रूफ सर्वो घेतला. ॲल्युमिनियममुळे उष्णता बाहेर पडते. वेग ६० अंशाला ०.२० सेकंद किंवा त्याहून कमी असला की बास. क्रॉलरला याहून चपळ सर्वो लागत नाही, त्या पैशात चांगला बीईसी येतो (तो काय ते पुढे).

खरी निवड तर विजेचीच. बीईसी म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसिव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला) आणि सर्वोंना पुरवणारा भाग. मूळ ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातला) बीईसी ६ व्होल्टचा असतो आणि त्याची अँपिअरची क्षमता बेताचीच. मोठा सर्वो अडला की एकटाच ३-४ अँपिअर ओढतो. मग रिसिव्हरचं व्होल्टेज कोसळतं, रिसिव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि ट्रक गचके देतो. बरेच जण याचा दोष रेडिओला देतात. रिसिव्हरवर मोठा कपॅसिटर लावला तर क्षणिक धक्का सोसला जातो, पण सतत अडलेल्या सर्वोपुढे त्याचा उपयोग नाही.

वेगळा बीईसी लावून अख्ख्या रिसिव्हरला ७.४ व्होल्ट देणं सोपं वाटतं, पण टीआरएक्स-४ मध्ये ते चालत नाही. पुढचा डिफ, मागचा डिफ आणि गिअर बदलणं यांसाठी तीन छोटे सर्वो त्याच रिसिव्हरवर आहेत आणि ते ६ व्होल्टपर्यंतचे आहेत. म्हणून जास्तीचं व्होल्टेज फक्त स्टिअरिंग सर्वोला दिलं. १० अँपिअरच्या बीईसीच्या इनपुट वायरी बॅटरी कनेक्टरवर ईएससीच्या जोडीने सोल्डर केल्या. आउटपुटची लाल आणि काळी वायर सर्वोच्या लाल-काळ्या वायरींना जोडली. रिसिव्हरकडून सर्वोकडे फक्त सिग्नल आणि काळी वायर नेली. लाल वायरीची पिन प्लगमधून काढून तिच्यावर श्रिंक ट्यूब चढवली. काळी वायर मात्र तोडायची नाही. ती सामाईक नसेल तर सिग्नलला आधार उरत नाही आणि सर्वो थरथरतो.

बीईसीचं व्होल्टेज सर्वो जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजून ७.४ वर आणा. ईएससीचा स्विच बंद केला तरी हा बीईसी चालूच राहतो, तेव्हा गाडी ठेवताना लायपो बॅटरी काढूनच ठेवायची.

बसवण्याआधी सर्वो टेबलावरच तपासला. शिकंज्यात घट्ट धरला, हॉर्नच्या २ सेंमीवरच्या भोकात सामान तोलायच्या डिजिटल काट्याचा हुक अडकवला आणि काटा हॉर्नला काटकोनात ओढून धरला. स्टिक पूर्ण वळवून दोन सेकंदांत आकडा वाचायचा आणि लगेच सोडायचं, जास्त वेळ अडकवलं तर मोटर जळते. आकडा गुणिले दोन म्हणजे किलो-सेंमी. त्याच वेळी सर्वोच्या प्लगपाशी मल्टिमीटर लावला. ७.४ चे ७.१-७.२ झाले तर ठीक. ६ च्या खाली गेलं तर बीईसी किंवा वायर कमजोर आहे, सर्वो बदलून काही होणार नाही. बारीक, लांब एक्स्टेन्शन वायर इथे हमखास सापडते.

हॉर्न २५ दातांचा, धातूचा, क्लॅम्प होणारा घ्या. काही कंपन्यांचे शाफ्ट २३ किंवा २४ दातांचे असतात. एका दाताचा फरक डोळ्यांना कळत नाही, हॉर्न दाबून बसतोही आणि पहिल्याच मोठ्या धक्क्यात दात खातो. हॉर्न बसवताना सर्वो चालू करून ट्रिम (रिमोटवरून मधली जागा सरकवायची सोय) शून्यावर ठेवायचा आणि हॉर्न लिंकला काटकोनाच्या जवळ येईल असा दात निवडायचा. उरलेला थोडा फरक सब-ट्रिमने काढायचा. शाफ्टच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) थेंबभर, तोही धातूवरच. प्लास्टिकला लागला तर ते तडकू शकतं.

एंड पॉइंट ठरवताना चाकं हवेत ठेवली. नकल (चाकासोबत वळणारा ॲक्सलच्या टोकाचा भाग) अडला की सर्वोतून बारीक गुणगुण येते. ती सुरू झाली की आकडा दोन-तीन टक्के मागे घ्यायचा, आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळी लावायची, कारण दोन्हीकडचा प्रवास सारखा नसतो. हे राहिलं तर सर्वो प्रत्येक वळणावर शेवटी अडून राहतो आणि तापतो. दगडावर दहा मिनिटं चालवून केसला बोट लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर आधी एंड पॉइंट पुन्हा पाहा, मग लिंकचे बॉल एंड हाताने हलवून कुठे घट्ट बसलेत का ते बघा.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर शाफ्टभोवतीची माती ब्रशने काढून तिथे जाड वॉटरप्रूफ ग्रीस भरतो. ते ग्रीस काळं पडलं की पुसून नवीन, आणि त्याच वेळी हॉर्नचा क्लॅम्प स्क्रू एकदा आवळून बघायचा.