पेव्हर खचतात ते का?
आज पणजीच्या सांतिनेझमध्ये परत तेच दृश्य. नव्या इमारतीसमोर पेव्हर ब्लॉक बशीसारखे खचलेले, दुकानदाराने वर फळी टाकलेली. दोष ब्लॉकचा नसतो. पाइप टाकून झाले की चरात माती एकदम ढकलतात. खरं तर ती १५०-२०० मिलिमीटरच्या थरांनी, किंचित ओली करून, प्रत्येक थर कॉम्पॅक्टरने ठोकून भरायची. त्यावर, ब्लॉकखाली, वाळू ३०-४० मिलिमीटर पुरे. उंची जुळवायला वाळूच ओतली की पहिल्या पावसात ती सरकते आणि ब्लॉक डुगडुगतात. कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारा पक्का काठ, नसेल तर अख्खी रांगच सुटते. त्यात मांडवी नदीला भरती असली की गटार तुंबतं, भराव भिजलेलाच राहतो. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या, म्हणजे माटोळीच्या बाजाराआधी वरून सिमेंट फासतील, बघाच!